कीटकांच्या रिसेप्टर-जनुकांची उत्क्रांती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी प्राणिशास्त्र शिकवतो आणि पावसाळ्यातल्या रविवारी हौशी मंडळींना पुण्यातल्या वेताळ टेकडीवर कीटक दाखवायला नेतो. तिथे दोन प्रश्न ठरलेले असतात. "हा चावतो का?" आणि "यावर औषध काय मारायचं?" ते आटोपले की जे प्रश्न उरतात ते खाली घेतले आहेत. काही वर्गातल्या मुलांचे आहेत, काही सोसायटीतल्या काका-काकूंचे. उत्तरं कमीजास्त लांबीची झाली आहेत, कारण काही प्रश्न मला जास्त आवडतात.

रिसेप्टर म्हणजे नेमकं काय?

पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचा अतिशय पातळ पडदा असतो. त्यात आरपार रुतून बसलेलं प्रथिन म्हणजे रिसेप्टर. त्याचं एक अंग बाहेर, एक आत. दाराच्या बेलसारखं समजा. बेल दाबणारा घरात शिरत नाही, त्याची वर्दी तेवढी आत जाते. गंधाचा रेणू, साखर, संप्रेरक, जंतूची चाहूल, काहीही असो, ते बाहेरून लागलं की प्रथिनाचा आकार किंचित बदलतो आणि आतल्या यंत्रणेला खबर मिळते. मराठीत याला ‘ग्राही’ असा चांगला शब्द आहे. पण वर्गात तो वापरला की निम्मी मुलं ‘ग्राहक’ लिहितात, म्हणून मी रिसेप्टरच म्हणतो.

हे प्रथिन कसं बांधायचं ते जनुकात लिहिलेलं असतं. जनुकात बदल झाला की प्राण्याला जगातलं काय जाणवतं आणि काय जाणवत नाही, तेच बदलतं. म्हणून या जनुकांचा इतिहास इतका रंजक आहे.

पण कीटकच का?

पिढ्या भराभर उलटतात म्हणून. पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणारं चिलट (प्रयोगशाळेतलं ड्रोसोफिला ते हेच) अंड्यापासून प्रौढ व्हायला सुमारे दहा दिवस घेतं. शिवाय कोणी एकाच झाडाच्या पानावर जगतो, कोणी सगळं खातो, कोणी फक्त रक्त पितो. खाणं बदललं की जनुकं कशी बदलतात हे पाहायला यापेक्षा सोयीचे प्राणी नाहीत. एक सूचना आत्ताच देतो. आंब्यात अळ्या करणारी शेतकऱ्यांची ‘फळमाशी’ वेगळी आणि हे चिलट वेगळं. पुस्तकांत दोघींनाही फळमाशी म्हणतात आणि मग गोंधळ होतो. मी इथे चिलटच म्हणणार आहे.

कीटकांना नाक नसतं, मग वास कशाने घेतात? आपल्यासारखाच का?

मिशांनी, म्हणजे शृंगिकांनी घेतात. त्यांवर बारीक केस असतात आणि केसांना सूक्ष्म छिद्रं असतात. गंधाचे रेणू त्यांतून आत शिरतात आणि आतल्या चेतापेशीच्या टोकावर असलेल्या रिसेप्टरपर्यंत पोचतात. इथपर्यंत सगळं आपल्या नाकासारखंच वाटतं. फरक पुढे आहे.

सस्तन प्राण्यांचे गंध-रिसेप्टर १९९१ मध्ये लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सल यांनी शोधले. त्यांना २००४ चं नोबेल मिळालं. साहजिकच सगळ्यांनी गृहीत धरलं की कीटकांतही तसलीच जनुकं मिळतील. आठ वर्षं शोधूनही मिळाली नाहीत. १९९९ मध्ये चिलटाच्या जीनोमची, म्हणजे संपूर्ण जनुकीय संचाची, माहिती हाती येऊ लागली तेव्हा कुठे ती सापडली, आणि त्यांचं आपल्या जनुकांशी काही नातंच नव्हतं. दोन्ही प्रथिनं पडद्यातून सात वेळा आतबाहेर करतात, म्हणून सुरुवातीला भाऊबंद वाटली. २००६ मध्ये कळलं की कीटकांचं प्रथिन पडद्यात उलटं बसलेलं असतं. आपलं जे टोक बाहेर, ते त्यांचं आत. २००८ मध्ये आणखी एक गोष्ट समोर आली. हा रिसेप्टर आतल्या प्रथिनांच्या साखळीला निरोप देत बसत नाही, तो स्वतःच एक झडप आहे. गंध लागला की झडप उघडते, आयन आत घुसतात आणि चेतापेशी पेटते. वास घ्यायचा प्रश्न एकच, तो दोन घराण्यांनी स्वतंत्रपणे सोडवला.

त्यातली माझी आवडती गोष्ट ऑर्को नावाच्या जोडीदाराची. प्रत्येक चेतापेशीत गंध ओळखणारं प्रथिन वेगवेगळं असतं, पण त्याच्याबरोबर ऑर्को लागतोच. गायक कोणीही असो, मागे तानपुरा हवा. २०२४ मध्ये डासांच्या रिसेप्टरची रचना प्रत्यक्ष पाहता आली, तेव्हा चौघांच्या त्या बैठकीत गाणारा एक आणि तानपुरे तीन निघाले. गाणारे भराभर बदलत गेले, तानपुरा मात्र कोट्यवधी वर्षं जवळपास तोच राहिला. इतका तोच की मलेरियाच्या डासाचा किंवा बोंडअळीच्या एका अमेरिकन नातलगाचा ऑर्को काढून, ऑर्को नसलेल्या चिलटात घातला तरी चिलटाला पुन्हा वास येऊ लागतो.

जाता जाता. उंबर फोडलं की आतून भसकन केंबरं उडतात, ती खरं म्हणजे बारीक गांधीलमाश्या असतात. ऑर्कोची पहिली रचना २०१८ मध्ये अशाच, अंजिरकुळातल्या फळांत वाढणाऱ्या एका परजीवी गांधीलमाशीच्या प्रथिनावरून काढली गेली. पुढच्या वेळी उंबराला नाक मुरडताना हे आठवा.

पुस्तकात रिसेप्टर आणि रेणूची जोडी ‘कुलूप-किल्ली’सारखी असते असं लिहितात. ते बरोबर आहे का?

दहावीच्या परीक्षेपुरतं बरोबर. कीटकांचे बरेच गंध-रिसेप्टर मात्र एका किल्लीचे नसतातच. २०२१ मध्ये ब्रिस्टलटेल नावाच्या एका बिनपंखी कीटकाच्या रिसेप्टरची रचना काढली. त्यात लवंगेतलं युजेनॉल आणि डासांच्या मलमातलं डीट ही दोन अगदी वेगळी रसायनं एकाच खोबणीत बसलेली दिसली. पेठेतल्या बोळासारखं आहे ते. सायकल जाते, स्कूटर जाते, हातगाडीही कशीबशी जाते, ट्रक मात्र अडकतो. अशा खोबणीत एखादं अमिनो आम्ल बदललं की बोळाची रुंदी बदलते आणि वेगळी वाहनं जाऊ लागतात. उत्क्रांतीला नेमकं हेच सोयीचं पडतं.

ही जनुकं मुळात आली कुठून?

चवीच्या जनुकांतून. चवीच्या रिसेप्टरांचं कुटुंब (जीआर) फार जुनं आहे, त्याचे दूरचे नातेवाईक समुद्रातल्या ॲनिमोनमध्येही मिळतात. डबक्यातल्या डॅफ्नियाकडे, म्हणजे पाणपिसवेकडे (ती कीटक नव्हे, कोळंबीच्या गोतातली), ५८ जीआर आहेत, पण कीटकांच्या धर्तीचा एकही गंध-रिसेप्टर (ओआर) नाही. म्हणजे ओआर हे कीटकांनी घरी तयार केलेलं प्रकरण आहे. वर सांगितलेल्या ब्रिस्टलटेलकडे पाच ओआर आहेत आणि ऑर्को नाही. जुन्या पुस्तकांत सापडते त्या कसरीच्या एका भाऊबंदाकडे ऑर्को आहे. म्हणजे आधी एकटे गाणारे आले आणि तानपुरा मागाहून लागला. पंख फुटण्याच्या आधीच हे सगळं झालेलं होतं.

तिसरं कुटुंब आयआर. ते २००९ मध्ये लक्षात आलं. मेंदूत ग्लुटामेट हा निरोप्या रेणू ओळखणाऱ्या जुन्या प्रथिनांच्या शाखेतून ते फुटलं. आम्लं, अमाइनं, दमटपणा, तापमान अशी कामं त्याच्याकडे आहेत. तिन्ही कुटुंबांची कहाणी एकच आहे: नवं काही घडवायचं नाही, जुन्याची प्रत काढायची आणि तिच्यावर गिरगटायचं.

एका जनुकाची शंभर कशी होतात?

शर्टाची बटणं घाईत लावताना एक घर चुकतं आणि शेवटी एका बाजूला बटण उरतं, दुसऱ्या बाजूला काज. बीजपेशी तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या एकमेकांशेजारी येऊन तुकड्यांची अदलाबदल करतात, तेव्हा असंच होतं. सारखी दिसणारी जनुकं ओळीने बसलेली असली की जुळणी एक घर सरकते. मग एका गुणसूत्रावर दोन प्रती येतात आणि दुसऱ्यावर एकही नाही. एकदा दोन झाल्या की पुढच्या वेळी चुकण्याची शक्यता आणखी वाढते. म्हणून ही जनुकं पेठेतल्या एकाच मालाच्या दुकानांसारखी शेजारीशेजारी थाटलेली दिसतात.

प्रत निघून फायदा काय? अप्पा बळवंत चौकात नोट्सची झेरॉक्स काढणाऱ्या कुठल्याही विद्यार्थ्याला विचारा. मूळ वही जपावी लागते, झेरॉक्सवर मात्र वाटेल ते खरडता येतं. मूळ जनुक आपलं काम करत राहतं, तोवर प्रतीत बदल साठत जातात. बहुतेक बदल निरुपयोगी असतात आणि प्रत निकामी होते. अशा प्रती जीनोममध्ये पडक्या वाड्यासारख्या उभ्या असतात. दारावर नावाची पाटी शाबूत, आत राहत कोणी नाही. त्यांना छद्मजनुकं म्हणतात. क्वचित एखाद्या प्रतीची खोबणी अशी बदलते की तिला नवाच रेणू जाणवू लागतो. तो रेणू त्या कीटकाच्या पोटापाण्याचा असेल तर ती प्रत टिकते. जनुकं अशी जन्मतात, मरतात. लोकसंख्येसारखा हिशेब असल्यामुळे याला ‘जन्म-मृत्यू’ प्रारूप म्हणतात.

म्हणजे जास्त जनुकं असलेला कीटक जास्त हुशार?

हा प्रश्न दरवेळी येतो आणि दरवेळी मी अंगावरच्या उवेपासून सुरुवात करतो. तिच्याकडे फक्त १० ओआर आहेत. जन्म माणसाच्या कपड्यांत, मरण तिथेच, जेवण एकाच प्रकारचं. तिला वासाची काय पडली आहे? चिलटाकडे ६० ओआर जनुकं. मधमाशीकडे सुमारे १७०. काही मुंग्यांकडे ३०० ते ५००.

मुंग्यांचा आकडा फुगला तो वारुळातल्या संसारामुळे. मुंगीच्या अंगावर मेणचट हायड्रोकार्बनांचा थर असतो. कोण आपल्यातली, कोण परकी, राणी कोण, हे त्याच्या वासावरून ठरतं. ओआरची एक विशिष्ट उपशाखा मुंग्यांत अफाट वाढलेली आहे आणि तिच्यातले बरेच रिसेप्टर हे थर वाचतात. २०१७ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी मुंग्यांतला ऑर्को निकामी केला. त्यांतल्या एका गटाची मुंगी भारतातली, उडी मारणारी हार्पेग्नॅथॉस होती. ऑर्को गेलेल्या मुंग्या घोळक्यात राहीनाशा झाल्या. मेंदूतला वासाचा भागही नीट वाढला नाही. चिलटात ऑर्को काढला तर मेंदूचा तो भाग जवळपास जसाच्या तसा बनतो. रिसेप्टर हरवल्यावर मेंदूच अर्धवट राहावा इतकं मुंगीचं सगळं वासावर उभं आहे.

आता उलटं उदाहरण. तीच मधमाशी, पण चवीची जनुकं जेमतेम १०. फूल तिला मकरंद आणि पराग आपणहून देतं, विष घालून फसवत नाही. पोळ्यात दाया भरवतात. कडू ओळखायची मोठी फौज बाळगून करायचं काय? आणि स्वयंपाकघरातलं जर्मन झुरळ पाहा. ज्याला काहीही चालतं, त्याच्या आयआर कुटुंबात जवळपास ९०० जनुकं आहेत. काहीही खाणाऱ्यालाच काय खाऊ नये हे सर्वांत जास्त कळावं लागतं. खाऊगल्लीत जेवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

जनुक मोडलं तर नुकसानच व्हायला हवं. मोडून फायदा कसा होतो?

रेशमाचा किडा तुतीशिवाय काही खात नाही, हे आपण शाळेत शिकलो. त्यामागे तुतीचं प्रेम कमी आणि बाकीच्यांचा तिटकारा जास्त आहे. २०१९ मध्ये त्याचं एक चव-जनुक, जीआर६६, निकामी करण्यात आलं, तर त्याच अळ्या ताजी फळं आणि धान्याचे दाणेही खाऊ लागल्या. एक बेल काढली आणि पथ्य संपलं.

दुसरं उदाहरण सेशेल्स बेटांवरचं. तिथली ड्रोसोफिला सेशेलिया ही जात नोनीच्या फळावर जगते, ज्याचा रस आपल्याकडे ‘आरोग्यदायी’ म्हणून बाटलीत विकतात. पिकत्या नोनीतलं ऑक्टॅनोइक आम्ल बाकीच्या चिलटांना मारतं, हिला चालतं. हिने वास-चवीची जनुकं आपल्या सख्ख्या नातलगापेक्षा, म्हणजे सिम्युलन्स या जातीपेक्षा, सुमारे दसपट वेगाने गमावली आहेत. त्याच वेळी नोनी हुंगणाऱ्या काही चेतापेशींची संख्या वाढवली आहे. एकाच दुकानाची उधारी असली की बाकीच्यांच्या पाट्या वाचायची गरज उरत नाही.

मी यवतमाळचा, इथे स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. आमच्याकडे बीटी कापसावरही गुलाबी बोंडअळी येते. याचा रिसेप्टरशी संबंध आहे का?

थेट आहे, आणि महाराष्ट्राला या विषयातलं एकच उदाहरण द्यायचं असेल तर हेच द्यावं.

बीटी कापूस म्हणजे अळी मारणारं प्रथिन बनवणारं एका जीवाणूचं जनुक घातलेला कापूस. त्यातलं क्राय१एसी हे प्रथिन अळीच्या पोटात गेल्यावर आतड्याच्या पेशींवरच्या रिसेप्टरला चिकटतं. त्यातला महत्त्वाचा रिसेप्टर म्हणजे कॅडहेरिन. चिकटलं की पुढे पेशीला भोकं पडतात आणि अळी मरते. म्हणजे विष आत शिरतं ते अळीच्याच बेलवर बोट ठेवून. मग अळीच्या दृष्टीने सोपा उपाय काय? बेल बिघडवणे.

बीटी कापसाला भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली. दोन जनुकांचं वाण २००६ मध्ये आलं. २०१० च्या सुमाराला गुजरातेतली गुलाबी बोंडअळी क्राय१एसीला दाद देत नाही हे जाहीर झालं. २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात या अळीने काय केलं ते तुम्ही घरच्या शेतात पाहिलं असेल. प्रतिकारक्षम झालेल्या भारतीय अळ्यांचं कॅडहेरिन जनुक तपासलं तेव्हा एकच एक बिघाड मिळाला नाही, आठ निरनिराळ्या तऱ्हांनी मोडलेली रूपं मिळाली. मला हा तपशील फार बोलका वाटतो. घड्याळ चालू करायचे मार्ग थोडे, बंद पाडायचे शेकडो. मोडतोडीला नैसर्गिक निवडीची साथ मिळाली की उत्क्रांती भलतीच वेगाने धावते. दुसऱ्या प्रथिनाला, क्राय२एबीला, झालेला प्रतिकार पडद्यातल्याच एबीसीए२ नावाच्या वाहक प्रथिनाच्या बिघाडाशी जोडलेला आहे.

बीटी बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमचं नॉन-बीटी पाकीट यायचं ते यासाठीच होतं. बिघडलेलं जनुक सहसा आई आणि बाप दोघांकडून आलं तरच अळी वाचते. कडेच्या नॉन-बीटी ओळींत वाढलेले साधे पतंग प्रतिकारक्षम पतंगांशी जुगले की पोरांत एक चांगली प्रत येते आणि ती बीटीवर मरतात. ती पाकिटं बहुतेक बांधावर फेकली गेली. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. अळीसाठी जाणूनबुजून ओळी राखा, हे त्याला पटेल असं समजावलं कोणी? त्यात फरदड घेतल्याने, म्हणजे हंगाम संपल्यावरही तेच पीक शेतात ठेवून पुन्हा कापूस घेतल्याने, अळीला वर्षभर बोंडं मिळत राहिली. अमेरिकेत नॉन-बीटी ओळी, नापीक पतंग सोडणं वगैरे सगळं मिळून केलं आणि २०१८ मध्ये तिथल्या कापसातून गुलाबी बोंडअळी हद्दपार झाल्याचं जाहीर केलं गेलं. अळी एकच होती.

मला इतरांपेक्षा जास्त डास चावतात. माझं रक्त गोड आहे का?

रक्त गोड नाही, कातडी आंबट आहे. २०२२ च्या एका अभ्यासात डासांना जास्त आवडणाऱ्या माणसांच्या त्वचेवर कार्बॉक्सिलिक आम्लं जास्त आढळली, आणि ही आवड-नावड काही वर्षं तशीच टिकून राहिली. तेव्हा काकू, तुमची तक्रार खरी आहे.

डेंग्यूचा एडिस इजिप्ती मूळचा आफ्रिकेतला, जंगलातल्या प्राण्यांचं रक्त पिणारा. केनियाच्या किनाऱ्याजवळ रबाई इथे त्याचे दोन प्रकार शेजारी-शेजारी मिळतात. घरात राहणारा माणसावर जातो, रानातला प्राण्यांवर. २०१४ मध्ये दिसलं की माणूसवेड्या प्रकारात ओआर४ हे जनुक जास्त जोरात चालतं आणि त्याचं रूपही जास्त संवेदनशील आहे. हा रिसेप्टर ओळखतो सल्काटोन, जो माणसाच्या वासात भरपूर असतो. आपण गावं वसवली, रांजण भरले, आणि एका डासाच्या एका जनुकाला नवं पीक मिळालं. अर्थात सगळा भार एका जनुकावर टाकू नका. कार्बन डायऑक्साइडसाठी जीआर कुटुंबातले वेगळे रिसेप्टर आहेत, आम्लांसाठी आयआर आहेत. ऑर्को काढलेला डासही माणूस शोधून काढतोच. या डासाच्या पुष्कळ चेतापेशींत दोन-दोन कुटुंबांचे रिसेप्टर असतात, हे २०२२ मध्ये समजलं. एक बेल बंद पडली तरी दुसरी वाजते. कुंडीखालची ताटली पालथी करणं हा उपाय म्हणूनच अजून सर्वांत बरा.

आमच्या कढीपत्त्यावर दरवर्षी अळ्या येतात. शेजारच्या तुळशीवर का नाही?

गेल्या जूनमधली आमच्या गॅलरीतली दुपार सांगतो. लिंबावर येतं ते काळं-पिवळं फुलपाखरू, मादी, आत शिरली. मनीप्लांटवर क्षणभर टेकली, उडाली. तुळशीवर टेकली, उडाली. कढीपत्त्याच्या कोवळ्या शेंड्यावर बसल्याबरोबर पुढच्या दोन पायांनी पानावर भराभर टकटक केली, तबल्यावर बोटं पडावीत तशी. मग पोट वळवून एक फिकट पिवळं, मोहरीएवढं अंडं चिकटवलं आणि निघून गेली. सगळं मिळून चार सेकंद असतील.

ती टकटक म्हणजे चव घेणं. पायांवर चवीचे केस असतात. पान खरवडलं की त्यातला रस त्यांना लागतो. तिच्याच जातकुळीतल्या, पूर्व आशियातल्या पॅपिलिओ झुथस या फुलपाखरात २०११ मध्ये त्यासाठीचं एक जीआर जनुक ओळखलं गेलं. ते लिंबूवर्गीय पानांतलं सिनेफ्रिन ओळखतं. ते जनुक बंद पाडलं की सिनेफ्रिन लावलेल्या पानावरही मादी अंडी घालायला कचरते. लिंबू, कढीपत्ता आणि बेल एकाच कुळातले, म्हणून तिघांवर याच अळ्या. आपल्याला वनस्पतिशास्त्र शिकून जे कळतं ते ती पायाने चाखते.

आणि नाही, औषध मारू नका काकू. झाड पुन्हा फुटतं. अळी लहानपणी चिमणीच्या शिटेसारखी दिसते, ती शीट नाही एवढं लक्षात ठेवा.

रोगप्रतिकाराचे रिसेप्टरही असेच बदलतात का?

त्यातला सर्वांत प्रसिद्ध म्हणजे टोल. खेड-शिवापूरच्या नाक्यावरचा नव्हे. जर्मन भाषेत ‘टोल’ म्हणजे साधारण आपलं ‘भारी!’ चिलटाच्या अळीचं पोट-पाठ ठरवणारं हे जनुक ख्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड यांच्या प्रयोगशाळेत सापडलं तेव्हा तोंडातून निघालेला उद्गारच नाव म्हणून चिकटला. १९९६ मध्ये कळलं की प्रौढ चिलटात तेच जनुक बुरशीपासून वाचवतं. २०११ च्या नोबेलमध्ये ज्यूल्स हॉफमन यांचा वाटा यासाठी होता. चिलटात नऊ टोल आहेत. गंमत म्हणजे कीटकांचा टोल जंतूला सहसा स्वतः शिवत नाही. जंतूची खूण दुसरी प्रथिनं पटवतात आणि टोलला निरोप धाडतात. म्हणून तो बराच स्थिर राहिला. जंतूला थेट भिडणारी प्रथिनं जास्त भराभर बदलतात, कारण समोरचा जंतूही बदलत असतो.

इथेही गमावणारे आहेत. वाटाण्यावरच्या माव्याने जीवाणू ओळखणाऱ्या रिसेप्टरांचं एक अख्खं कुटुंब आणि त्यामागची यंत्रणा सोडून दिली आहे. त्याच्या पेशींत बुकनेरा हा मित्र-जीवाणू राहतो. पहारा ढिला पडण्यामागे हा भाडेकरू असावा असं अनेकांना वाटतं, मलाही. आणि प्रत न काढता विविधता आणायची युक्ती पाहायची तर डीस्कॅम आहे. एकाच जनुकाचे तुकडे निरनिराळे जोडून चिलट ३८,०१६ प्रकारची प्रथिनं बनवू शकतं.

फक्त वास-चव-रोग एवढंच? वाढीशी संबंध नाही?

आहे. मुळशी-मावळात भातावर येणाऱ्या तपकिरी तुडतुड्यांत लांब पंखांचे आणि आखूड पंखांचे असे दोन प्रकार असतात. २०१५ मध्ये दिसलं की इन्सुलिन रिसेप्टरच्या दोन प्रतींच्या रस्सीखेचीवर ते ठरतं. एक लांब पंखांकडे ओढते, दुसरी आखूडकडे. चिलटाकडे हा रिसेप्टर एकच आहे.

प्रत्येक ठिकाणी जनुकांचे आकडे वेगळे का असतात? आणि उत्क्रांती झाली हे कळतं कसं?

एकमेकांसारख्या शेजारी-शेजारी बसलेल्या प्रती जुळवताना संगणकही चकतो, दोन प्रती एक समजतो किंवा एकीच्या दोन करतो. एडिस डासाच्या ओआरची संख्या आधी १३१ मोजली होती. २०१८ मध्ये चांगला जीनोम हाती आल्यावर ती ११७ झाली. म्हणून आकडा वाचला की साल पाहावं.

नैसर्गिक निवड झाली का हे पाहायची एक साधी रीत आहे. जनुकातली काही अक्षरं बदलली तरी प्रथिन तेच राहतं, काही बदलली तर प्रथिन बदलतं. दोन्ही प्रकारचे बदल मोजायचे. प्रथिन बदलणारे फारच कमी असतील तर कोणीतरी ते जपतंय, जसा ऑर्को. ते अपेक्षेपेक्षा जास्त असतील तर नवेपणाला बक्षीस मिळतंय. अशा जागा पुष्कळदा खोबणीच्या आसपास सापडतात.

पुण्यात हे शिकायचं असेल तर?

आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था), विद्यापीठाचा प्राणिशास्त्र विभाग, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, डासांसाठी १९५२ पासून असलेली राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, मधमाश्यांसाठी १९६२ पासूनची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था. पण त्याआधी थोडं प्रोग्रामिंग शिका. यातलं निम्मं काम आता संगणकावर होतं, आणि जीनोम सगळ्यांना मोफत पाहता येतात.

घरी करून बघण्यासारखं काही?

चिलटांचा हंगाम म्हणजे आंब्याचे दिवस. सफरचंदाचं व्हिनेगर आणा, पांढरं नको. एका वाटीत ते तसंच ठेवा, दुसरीत भरपूर पाणी घालून. दोन्हींत भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका म्हणजे चिलटं बुडतील, आणि रात्रभराने मोजा. सौम्य व्हिनेगर चिलटांना ओढतं. दर्प वाढला की एक वेगळा रिसेप्टर, ओआर८५ए, जागा होतो आणि ओढ कमी होते. दोन्ही वाट्यांत हा फरक दिसतो का ते पाहा, जागा अदलाबदल करून दोनतीन रात्री करा. घरच्यांना मात्र आधी सांगून ठेवा. आमच्या पहिल्या रात्रीची मोजणी सकाळी बेसिनमध्ये ओतली गेली होती.